डाव्या अंगाचा सर्जा

आमच्या दावणीला खिलारांची जोडी होती. सर्जा आणि हौश्या. सर्जा डाव्या अंगाचा आणि हौश्या उजव्या अंगाचा. ज्यानं कधी औत धरलं नाही त्याला वाटेल, बैल तो बैल, कुठल्याही बाजूला जुंपला म्हणून काय बिघडलं? पण एकदा आमच्याकडं नवीन आलेल्या सालगड्यानं अंधारात त्यांची अदलाबदल केली. सर्जाला उजवीकडं घेतलं. जू मानेवर आलं, शिवळा बसल्या, आणि दोघंही जागच्या जागी गोल फिरायला लागले. कुळव एकीकडं, बैल एकीकडं. सालगडी शिव्या देत होता, आसूड उगारत होता. माझा थोरला भाऊ बांधावरून धावत आला आणि म्हणाला, “मारू नगंस त्येला. त्येची बाजू चुकलीया.”

इंग्रजी क्रियापदांचंही असंच असतं हे मला पुढं कळलं. ते मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नाही. इंग्रजीत दोनदा नापास झालेल्या माझ्या या भावानंच सांगितलं. त्याला मी दादा म्हणतो.

आमचं गाव करमाळा तालुक्यात, सीना नदीच्या काठाला. सातवीपर्यंत गावातच जिल्हा परिषदेची शाळा. आठवीपासून नदीपलीकडच्या गावात हायस्कूल, चालत दीड तास. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून सुरू व्हायचं. दहा वर्षांच्या पोराला एबीसीडी दाखवायची आणि पुढच्या पाच वर्षांत त्यानं दहावीच्या पेपरात अर्ज, निबंध, उतारा सगळं लिहायचं. खेड्यातली निम्मी पोरं तिथंच अडकायची. गणितात नापास झालेला पोरगा गावात चारचौघांत बसायचा. इंग्रजीत नापास झालेल्याला मात्र लोक म्हणायचे, “जाऊ दे, त्या भाषेला कुठं आईबाप हायेत!”

दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी पुढं. डोक्यानं माझ्यापेक्षा हुशार. हिशेब तोंडी करायचा, व्याजाची गणितं गावातली मोठी माणसं त्याच्याकडून करून घ्यायची. पण १९८३ च्या मार्चमध्ये तो दहावीला बसला आणि इंग्रजीत २६ मार्क पडले. पासाला ३५. बाकी सगळ्या विषयांत पास. तात्या काही बोलले नाहीत. फक्त म्हणाले, “आक्टूबरला बस परत. पेरणीचं मी बघतो.”

ऑक्टोबरची परीक्षा म्हणजे आमच्याकडं शाळूच्या पेरणीचा हंगाम. हस्ताचा पाऊस पडून गेला की वाफसा येतो आणि मग पाभरीला दम नसतो. त्या वर्षी तात्यांनी एकट्यानं पेरणी केली आणि दादा तालुक्याला जाऊन पेपर देऊन आला.

दादाचं नेमकं कुठं चुकत होतं, हे मला तेव्हा समजत नव्हतं. शब्द त्याला येत होते. स्पेलिंगही बऱ्यापैकी. पण वाक्य लिहिलं की सर लाल रेघ ओढायचे आणि ती रेघ नेहमी बारक्या शब्दांखाली असायची. टू, ऑफ, विथ, ऑन, अॅट, फॉर. मराठीच्या तासाला आम्ही विभक्तीचे प्रत्यय घोकले होते. स, ला, ते, ने, शी, ऊन, हून, चा, ची, चे. दादानं आपला एक तक्ता केला होता. ‘ला’ म्हणजे टू. ‘शी’ म्हणजे विथ. ‘वर’ म्हणजे ऑन. ‘पासून’ म्हणजे फ्रॉम. ‘बद्दल’ म्हणजे अबाउट. तक्ता असा चोख की कुणालाही पटावा. आणि त्या तक्त्यानंच त्याला बुडवलं.

मराठीत आपण लग्न कुणाशी तरी करतो. दादानं लिहिलं, ‘मॅरिड विथ’. इंग्रजीत ‘मॅरिड टू’ पाहिजे. आपण कुणावर तरी रागावतो, म्हणून त्यानं लिहिलं ‘अँग्री ऑन’. पाहिजे होतं ‘अँग्री विथ’. आपण एखाद्या गोष्टीबद्दल चर्चा करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’. तिथं तर काहीच नको होतं. आपण गावाला पोहोचतो, म्हणून ‘रीच टू’. तिथंही काही नको. आणि आपण रेडिओ ऐकतो, त्यात मधे काहीच नाही, म्हणून त्यानं लिहिलं ‘लिसन रेडिओ’. तिथं नेमकं ‘टू’ पाहिजे होतं! पाहिजे तिथं नाही आणि नको तिथं आहे. दादा वैतागून म्हणायचा, “ह्या भाषेला न्याय न्हाई.”

त्या कार्तिकात तात्या गेले.

विहिरीवरच्या मोटारीला लाईट रात्री दहानंतर यायची. तात्या गव्हाला दारं धरायला गेले होते. हातात कंदील, पायात काही नाही. पाण्याच्या चारीत घोणस होती. तिनं घोट्याच्या वर धरलं. तात्या स्वतःच्या पायानं चालत घरी आले आणि आईला म्हणाले, “काय तरी चावलं.” पाय बघता बघता सुजला.

चुलत्यांनी आणि दादानं त्यांना उचलून भैरोबाच्या देवळात नेलं. कंदील माझ्या हातात होता. आमच्याकडं तेव्हा तीच रीत. लिंबाचा पाला खायला द्यायचा. कडू लागला तर विष चढलं नाही, गोड लागला तर चढलं. तात्या म्हणाले, “कडू लागतोय.” सगळ्यांना हायसं वाटलं. गुरव मंत्र टाकत राहिला, लोक घंटा वाजवत राहिले. पहाटे तात्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा शेजारच्या गावातली जीप आणायला माणूस धावला. जीप आली तोवर उन्हं वर आली होती. तालुक्याच्या अलीकडं दोन मैलांवर तात्या गेले. त्यांचं डोकं दादाच्या मांडीवर होतं.

तेरावं झालं आणि त्यानंतर दादाचा निकाल लागला. इंग्रजीत २८. तो कागद त्यानं कुणाला दाखवला नाही. देवळीत ठेवला आणि बैलं सोडायला गेला.

मी नववीत होतो. दादा म्हणाला, “तू जात जा शाळेत. घरात एकाला तरी कागद वाचता आला पायजे.” मी जायला लागलो.

आमचे इंग्रजीचे सर चांगले होते. सायकलवरून यायचे, पायजम्याला चिमटे लावायचे. तर्खडकरांच्या पाठमालेवर त्यांचा जीव. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज पाच क्रियापदं लिहायची आणि त्यांच्यापुढं त्यांचा त्यांचा बारका शब्द. आम्ही ती वहीत उतरवायची. सर म्हणायचे, “बाळांनो, शब्द एकटा पाठ करू नका. जोडीनं पाठ करा.”

संक्रांतीच्या आसपासची गोष्ट. त्या दिवशी फळ्याच्या कोपऱ्यात पहिलंच क्रियापद होतं ‘डाय’. सरांनी नियम सांगितला. रोगानं मेला तर ‘डाय ऑफ’. जखमेनं मेला तर ‘डाय फ्रॉम’. देशासाठी मेला तर ‘डाय फॉर’. आणि मग उदाहरणं द्यायला लागले. तो कॉलऱ्यानं मेला. सैनिक जखमांनी मेला. मराठीत बघा, दोन्हीकडं ‘नं’च आहे, पण इंग्रजीत दोन वेगळे.

मी हात वर केला. का केला ते आजही सांगता येणार नाही. मी विचारलं, “सर, साप चावून मेला तर?”

वर्ग गप्प झाला. सगळ्यांना माहीत होतं. सरांनाही माहीत होतं, ते तेराव्याला येऊन गेले होते. त्यांनी खडू खाली ठेवला. बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, “उद्या सांगतो.” आणि पुढची चार क्रियापदं त्या दिवशी झालीच नाहीत.

सर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले नाहीत. त्याच संध्याकाळी सायकल हातात धरून, नदीतून पायजमा वर खोचून, आमच्या घरी आले. आईनं घोंगडं टाकलं. सरांच्या पिशवीत जाड डिक्शनरी होती. ती त्यांनी उघडली नाही. दादाकडं आणि माझ्याकडं बघून ते म्हणाले, “मी बघितलं सगळीकडं. पुस्तकातला नियम रोगाचा आणि जखमेचा आहे. साप हा रोग नव्हे आणि ही नुसती जखमही नव्हे. विषाकडं बघितलं तर ऑफ, चाव्याकडं बघितलं तर फ्रॉम. बाळ, दोन्ही चालतं. पेपर माझ्याकडं आला तर मी दोन्हीला मार्क देईन.”

आई चुलीपुढं बसली होती. तिनं दादाला विचारलं, “काय म्हणत्यात गुर्जी?”

दादा म्हणाला, “तात्या कशानं गेले त्ये इंग्रजीत कसं म्हणायचं, त्ये सांगत्यात.”

आई चहाचं आधण उतरवत म्हणाली, “त्येला इंग्रजी कशाला पायजे? येळंवर दवाखान्यात न्हेलं न्हाई म्हनून गेले.”

कुणी काही बोललं नाही. सर चहा न घेता उठतील असं मला वाटलं. पण त्यांनी चहा घेतला, आणि जाताना आईच्या पाया पडले. ती त्यांच्यापेक्षा वयानं लहान होती.

त्या रात्रीपासून दादानं माझ्याकडून इंग्रजी शिकायला सुरुवात केली. मी शाळेतून आलो की तो विचारायचा, “आज कोपऱ्यात काय व्हतं?” वैरण टाकता टाकता, धारा काढता काढता मी त्याला पाच क्रियापदं सांगायचो. त्यानं शंभर पानी वही केली. जुना तक्ता फाडून टाकला.

आणि मग तो सालगड्याचा प्रकार घडला. बैलांची बाजू बदलून परत जुंपल्यावर दादा बांधावर येऊन बसला आणि एकदम म्हणाला, “आरं, आसंच हाय की त्ये. सर्जाला डावीकडं का जुंपायचं? कारण न्हाई. गोऱ्हा व्हता तवापासनं त्येला तशी सवय हाय. तसं लिसनला टू. इचारायचं न्हाई. मी काय करत व्हतो, मराठीच्या दावणीचा बैल सोडून इंग्रजीच्या जूला बांधत व्हतो. फिरंल न्हाई तर काय करंल?”

वहीत त्यानं मग सगळ्या क्रियापदांची दावण मांडली. तीन भाग केले. नावं त्याचीच.

पहिला भाग ‘जोडी’. ज्यांचा जोडीदार ठरलेला. लिसन टू, वेट फॉर, डिपेंड ऑन, बिलाँग टू, लाफ अॅट, सफर फ्रॉम, बिलीव्ह इन, कन्सिस्ट ऑफ. यातली ‘डिपेंड ऑन’सारखी काही मराठीशी जुळायची. आपणही कुणावर तरी अवलंबून असतो. अशांच्या पुढं तो बारीक फुली मारायचा, म्हणजे ‘ही सोपी, हितं डोकं चालवलं तरी चालतंय’. बाकीच्यांना फुली नाही, तिथं डोकं चालवायचं नाही.

दुसरा भाग ‘घोडी’. घोड्याला जू नको, ते एकटं पळतं. डिस्कस, रीच, मॅरी, आस्क, टेल, ऑर्डर, रिझेम्बल, अटेंड, आन्सर. यांच्या मानेवर काही ठेवायचं नाही. खोलीत शिरायचं असेल तर ‘एन्टर’ही यातलंच. यातली गंमत अशी की ‘आन्सर’ला काही नको, पण त्याच अर्थाच्या ‘रिप्लाय’ला ‘टू’ लागतो. ‘अवेट’ एकटा जातो आणि ‘वेट’ला ‘फॉर’ लागतो. दादा म्हणायचा, “एकाच आईची दोन लेकरं बी कुठं सारखी असत्यात?”

तिसरा भाग ‘जसं काम तसा जोडीदार’. ‘लुक’ हे त्यातलं मोठं खोंड. बघायचं असेल तर अॅट, हुडकायचं असेल तर फॉर, सांभाळायचं असेल तर आफ्टर, चौकशी करायची असेल तर इनटू. माणसाशी सहमत असलो तर ‘अॅग्री विथ’ आणि त्याची अट मान्य केली तर ‘अॅग्री टू’. या भागात दादानं प्रत्येक क्रियापदापुढं आमच्या घरातलं वाक्य लिहिलं होतं. ‘आई लुक्स आफ्टर शेळ्या’ असं. शेळ्यांना इंग्रजीत काय म्हणतात ते माहीत असूनही तो तसंच लिहायचा. म्हणायचा, “आपल्या गोठ्यातलं असलं की ध्यानात ऱ्हातं.”

पुढं मी कॉलेजात गेलो तेव्हा कळलं की दादाचं म्हणणं भाषेच्या इतिहासालाही धरून होतं. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीलाही आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय होते. शब्दाच्या शेवटी चिकटायचे. कालांतरानं ते झिजले आणि त्यांचं बरंचसं काम या बारक्या शब्दांवर आलं. काहींनी एक काम घेतलं, काहींनी दहा. म्हणून त्यांचा एकास एक मेळ आपल्या ‘ला’शी आणि ‘शी’शी बसत नाही. आणि खुद्द इंग्रजी बोलणाऱ्यांतही सगळं एकसारखं नाही. ‘डिफरंट’ला कुणी ‘फ्रॉम’ जोडतात, इंग्लंडात बरेच लोक ‘टू’ म्हणतात, अमेरिकेत ‘दॅन’ही चालतं.

आणि आपल्या मराठीत तरी कुठला न्याय आहे? आपण माणसाला भेटतो, माणसाशी बोलतो, माणसावर रागावतो, माणसाकडं बघतो, माणसाची वाट बघतो आणि माणसाचा कंटाळा करतो. सहा क्रिया आणि माणसाला सहा तऱ्हेनं धरलेलं. तीन वर्षांचं पोर यातलं एकही चुकत नाही, कारण ते कुणी त्याला शिकवलेलं नसतं. परदेशी माणूस मराठी शिकायला बसला तर तोही आपल्या नावानं बोटं मोडत असेल. आमच्या शाळेत विदर्भातल्या एक बाई होत्या. त्या ‘त्याले’, ‘मले’ म्हणायच्या आणि पोरं हसायची. आमची पोरं ‘त्येच्यासंगं बोललो’ म्हणायची तेव्हा त्या हसायच्या. प्रत्येकाची दावण वेगळी, एवढंच.

१९८५ च्या मार्चमध्ये मी दहावीला बसलो. इंग्रजीत ७१ पडले. हायस्कूलमध्ये माझ्या वर कुणी नव्हतं. सरांनी पेढे वाटले. मी घरी आलो तेव्हा दादा कडबा रचत होता. खाली उतरला, पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “आता मी बी आक्टूबरला फारम भरतो. आता न्हाई अडकत.”

खरंच अडकला नसता. त्या वहीतलं कुठलंही क्रियापद मी विचारावं आणि त्यानं जोडीदार सांगावा, अशी त्याची तयारी होती. कधी कधी मीच चुकायचो.

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर कुठं लिहिलं नाही.

मी अकरावीला तालुक्याला गेलो. दोन शेळ्या विकून दादानं खोलीचे आणि खाणावळीचे पैसे भरले. त्यानं परीक्षेचा फॉर्म आणला. सप्टेंबरच्या शेवटी तो मला खोलीवर भेटायला आला. कळण्याची भाकरी आणि ठेचा घेऊन. जाताना म्हणाला, “पाऊस बरा झालाय. वाफसा अन् परीक्षा एकाच टायमाला यायची. तू आठ दिस घरी आलास तर पाभर आन् बैलं तू बघशील, मी पेपर देऊन येतो.”

मी म्हणालो, “दादा, माझी चाचणी हाय.”

चाचणी होती हे खरं. पण ती वीस मार्कांची होती. नसती दिली तरी काही बिघडलं नसतं. खरं कारण वेगळं होतं. तालुक्याच्या पोरांत मी नवा होतो. ‘गावाकडं पेरणीला जातो’ असं सांगायची मला लाज वाटत होती.

दादा म्हणाला, “बरं बरं. तुझा आभ्यास महत्त्वाचा.” आणि एस्टी धरून गेला. त्या ऑक्टोबरात त्यानं शाळू पेरला. परीक्षेचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

मी बी.ए. झालो, बी.एड. झालो, इंग्रजीचा शिक्षक झालो. आज तिसेक वर्षं खेड्यातल्या पोरांना शिकवतोय. फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात रोज पाच क्रियापदं लिहितो. जोडी, घोडी आणि जसं काम तसा जोडीदार, हे तीन भाग पोरांना सांगतो. पोरांना ते पटकन समजतं. ते कुणाचं आहे तेही सांगतो. ‘माझ्या भावाचं’ म्हणतो. तो कुठं शिक्षक आहे असं एखादा विचारतो. तेव्हा मी म्हणतो, “तो शेती करतो.” याच्या पुढचं सांगत नाही.

वर्षातून एकदा ‘डाय’ येतं. तेव्हा मी नियम सांगतो, दोन्ही चालतं हेही सांगतो, आणि मग पुस्तक मिटून दहा मिनिटं वेगळं बोलतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, हे आपल्याकडचे चार प्रमुख विषारी साप. चौघांच्याही विषावर एकच लस चालते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचं नाव त्यासाठी माहीत असावं. कुठला साप चावला हे हुडकत बसायचं नाही, साप मारायला धावायचं नाही. जखम कापायची नाही, चोखायची नाही, दोरीनं करकचून आवळायची नाही. माणसाला चालवायचं नाही. पाय हलू न देता, त्याला धीर देत, मिळेल त्या वाहनानं सरळ दवाखाना गाठायचा. लिंबाचा पाला कडू लागला म्हणजे विष चढलं नाही, असं काही नसतं. आमच्या वडलांनाही कडूच लागला होता.

हे परीक्षेत येत नाही. पण दरवर्षी दोन-तीन पोरं ते वहीत उतरवून घेतात.

मागच्या दिवाळीत गावी गेलो होतो. दादाची नात तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाते, बसनं. ओट्यावर बसून काहीतरी प्रोजेक्ट लिहीत होती. मोठ्यानं म्हणाली, “वुई विल डिस्कस अबाउट वॉटर.” मी पेपर वाचत होतो, माझं लक्ष गेलं नाही. दादा खुरपं परजत होता. मान वर न करता म्हणाला, “अबाउट काढ. डिस्कस घोडी हाय.”

पोरगी म्हणाली, “आजोबा, आमच्या मॅडम डिस्कशन अबाउट म्हणतात.”

दादा म्हणाला, “डिस्कशनला लागतंय. डिस्कसला न्हाई. तुझ्या चुलत आजोबाला इचार.”

ती माझ्याकडं बघायला लागली. मी म्हटलं, “आजोबांचं बरोबर आहे.” आणि मला पुढं काही बोलता येईना.

रात्री जेवणं झाल्यावर आम्ही दोघंच अंगणात बाजेवर बसलो. मी चाळीस वर्षांनी विचारलं, “दादा, त्या आक्टूबरला मी आलो असतो तर?”

तो तंबाखू मळत राहिला. म्हणाला, “तर पास झालो असतो.” मग थोड्या वेळानं म्हणाला, “पन शाळू लई झाला त्या साली.”

त्याला माझं मन राखायचं असतं तर ‘नसतो झालो पास’ असं म्हणता आलं असतं. तसं तो म्हणाला नाही. मला तेच बरं वाटलं.

सकाळी त्याच्या नातीनं ट्रंकेतून ती वही काढली. कडा वाळवीनं खाल्लेल्या, पण अक्षर शाबूत. ती एकेक ओळ वाचत होती आणि ‘आई लुक्स आफ्टर शेळ्या’वर खदाखदा हसत होती. तिसऱ्या भागात एका ओळीवर ती थांबली. तिथं ‘डाय’ लिहिलेलं होतं आणि पुढं जागा कोरी होती. सगळ्या वहीत तेवढीच एक कोरी.

“आजोबा, इथं लिहायचं राहिलं तुमचं. काय येतं इथं?”

दादानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, “ऑफ येतं. फ्रॉमही येतं. दोन्ही बरोबर.”

तिनं पेननं दोन्ही लिहिलं. दादा वाकून बघत होता. म्हणाला, “आन् त्येच्या खाली मराठीत लिही. साप चावला तर देवळात न्हाई, दवाखान्यात.”

तिनं तेही लिहिलं.